सभा संपते, पाहुणे परततात. गावात उरणाऱ्या कार्यकर्त्याचे काय? (महाड १९२७ च्या स्थानिक संघटकांविषयी)

गांधारीकाठ (धागालेखक)

दरवर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर मोठी गर्दी लोटते. गेली काही वर्षे मी त्या दिवशी तेथे जातो आणि गर्दी ओसरल्यावरही मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबतो. पाहुण्यांच्या गाड्या निघून गेल्या, पुस्तकांचे स्टॉल आवरले गेले, की मागे पंधरा-वीस स्थानिक माणसे उरतात. कोणी सतरंज्या झटकून घड्या घालत असतो, कोणी मंडपवाल्याचा हिशेब मिटवत असतो. गेल्या खेपेला एक वयस्क बाई सापडलेल्या वस्तूंची पिशवी मांडीवर घेऊन ध्वनिक्षेपकाच्या खांबाजवळ बसल्या होत्या. त्या पिशवीत लहान मुलाची एक चप्पल, चष्म्याचे घर आणि दोन छत्र्या होत्या. 'कोणी विचारायला आले तर?' एवढेच त्या म्हणाल्या. अंधार पडेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

त्यांच्याकडे पाहताना मनात आलेला प्रश्न येथे मांडतो. १९२७ साली हे काम कोणी केले होते? बाबासाहेबांचे भाषण आपल्याला ठाऊक आहे, त्यांनी तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळीने पाणी प्यायले तो क्षण ठाऊक आहे. परंतु त्या क्षणाआधी जवळजवळ दोन महिने कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याच्या डोंगरकपारींतल्या वाड्यावस्त्यांवर जे लोक पायी फिरले, ज्यांनी परिषदेचे महत्त्व एकेका घराला पटवून दिले, त्यांच्याविषयी आपण फारच थोडे बोलतो.

आधी पार्श्वभूमी सांगतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले असल्याचे जाहीर झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला आणि त्यात सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांचा पुढाकार होता. ठराव दप्तरात राहिला. तळ्याभोवती सवर्णांची घरे होती, आणि कोणीही एकटादुकटा माणूस घागर घेऊन तेथे जाण्यास धजावत नव्हता. मुसलमान, ख्रिस्ती तेथे पाणी भरत, जनावरेही पीत; बंदी होती ती फक्त अस्पृश्यांना. कायद्याने दिलेला हक्क आणि पायरीवर ठेवलेले पाऊल यांच्यामध्ये तीन वर्षांचे अंतर पडले. ते अंतर मुंबईहून कोणी येऊन भाषण केल्याने तुटणारे नव्हते, त्यासाठी महाडचीच माणसे लागत होती.

त्यांतले एक रामचंद्र बाबाजी मोरे. १९०३ साली महाडजवळ लाडवली येथे त्यांचा जन्म झाला आणि परिषदेच्या वेळी ते अवघे चोवीस वर्षांचे होते. लहानपणी अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला, तेव्हा या मुलाने स्वतः लेखी तक्रार करून तो मिळवला होता. महाडला परिषद भरवावी आणि बाबासाहेबांना आणावे यासाठी सर्वाधिक धडपड केली ती मोऱ्यांनी. त्यांच्याबरोबर संभाजी तुकाराम गायकवाड होते, सुभेदार सवादकर होते, टिपणीस होते आणि अनंतराव चित्रे होते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. या परिषदेच्या खर्चातली एक नोंद मला सर्वांत बोलकी वाटते. प्रतिनिधींना पिण्यासाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. भर गावात तळे भरलेले, नगरपालिकेचा ठराव झालेला, आणि संयोजक मात्र घागरीमागे पैसे मोजत आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. ज्या कोणी ते पैसे मोजले आणि वहीत टिपले, त्याला परिषदेचा विषय वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी आभाराच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली आणि सारा समुदाय उठला, त्यामागे हे चाळीस रुपयेही होते असे मला वाटते.

त्यानंतरचा भाग माझ्या प्रश्नाचा गाभा आहे. तळ्यावरून परतल्यावर, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवली गेली. मंडपात जेवत असलेल्या प्रतिनिधींवर लाठ्या घेऊन जमाव चालून आला, अन्न मातीत सांडले, सुमारे वीस जण गंभीर जखमी झाले. अनेकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. प्रतिकाराला सिद्ध झालेल्या तरुणांना बाबासाहेबांनी आवरले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण परतणाऱ्या प्रतिनिधींना त्यांच्या त्यांच्या गावांतही मारावे असे निरोप खेड्यापाड्यांत धाडले गेले होते, हे आपण क्वचितच सांगतो. मुंबईचे प्रतिनिधी मुंबईला गेले. दासगावचा, बिरवाडीकडचा माणूस त्याच गावात परतला जेथे त्याची बलुत्याची भाकरी, त्याची सरपणाची वाट आणि त्याच्या मुलांची शाळा मार देणाऱ्यांच्याच हाती होती.

स्थानिक हक्क-संघटनेचा बिनपगारी पुढारी म्हणजे नेमका कोण, याचे माझे उत्तर येथून सुरू होते. सभेनंतर जो गाव सोडून जाऊ शकत नाही, तो. त्याच्या पोटापाण्याची जबाबदारी चळवळीने कशी घेतली, किंवा घेतली नाही, याचा विचार केल्याशिवाय त्याच्या कामाचे मोल आपल्याला कळणार नाही. जाणकारांनी भर घालावी.

जुनी_दप्तरे

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. न्यायालयीन बाजूने थोडी भर घालतो, कारण तेथे आपल्या प्रश्नाचा एक धडधडीत पुरावा आहे.

मार्चनंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांच्या १०८ घागरी पाण्यात ओतल्या गेल्या. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने तळे खुले करण्याचा आपला ठराव मागे घेतला. तेव्हा डिसेंबरात सत्याग्रह करण्याचे ठरले. तो तोंडावर आला असताना १२ डिसेंबरला काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला.

त्या दाव्यातील प्रतिवादींची नावे मी मुद्दाम वाचून दाखवतो. पहिले नाव डॉ. आंबेडकरांचे, दुसरे सीताराम नामदेव शिवतरकरांचे. त्याच यादीत पुढे गण्या मालू चांभार आणि कान्हू विठ्ठल महार ही नावे आहेत. जातच आडनाव म्हणून लिहिलेली ही दोन नावे दाव्याच्या मथळ्यावर दहा वर्षे राहिली. दावा खालच्या न्यायालयातून अपिलात आणि तेथून उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, बंदीची वहिवाट अनादिकाळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असे ठरवून अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. या दोघांविषयी मला याहून अधिक कोठेही वाचायला मिळालेले नाही. एवढे मात्र निश्चित की दिवाणी दाव्यात प्रतिवादी असणे ही त्या काळी गरीब माणसावर टांगती तलवार होती, आणि बॅरिस्टराच्या नावाखाली आपले नाव लागू देणाऱ्या माणसाने आपले सर्वस्व पणाला लावलेले असते.

एका बाबतीत मात्र धागालेखकाशी माझा थोडा मतभेद आहे. आपण पाच नावे घेतली, त्यांतले टिपणीस आणि चित्रे हे कायस्थ. पुढे डिसेंबरात मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण. त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. ब्राह्मणेतर चळवळीचे पुढारी जेधे आणि जवळकर यांनी, ब्राह्मणांना वगळत असाल तर आम्ही पाठिंबा देतो, असे कळवले होते तेव्हा बाबासाहेबांनी ती अट साफ नाकारली, कारण त्यांचा विरोध ब्राह्मण्याला होता, व्यक्तीच्या जन्माला नव्हता. ही भूमिका मला शिरोधार्य आहे. परंतु आज स्थानिक कार्यकर्त्यांचा इतिहास लिहायला बसलो की शिकलेल्या, पदावर असलेल्या माणसांचीच नावे हाती लागतात, कारण ज्यांना लिहिता येत होते त्यांच्याच नोंदी उरल्या. धान्याची पोती वाहणारे, निरोप पोहोचवणारे, रात्री पहारा देणारे बहुसंख्य लोक महार आणि चांभार वस्त्यांतले होते. त्यांची नावे शोधण्याचे काम बाकी आहे, असे ठळकपणे म्हटले पाहिजे.

गांधारीकाठ (धागालेखक)

मान्य. तुमची दुरुस्ती योग्य आहे, आणि ती दोन नावे मूळ लेखातच यायला हवी होती.

पेन्शनरांचा_नातू

पोटापाण्याचा मुद्दा वाचून एक गोष्ट सुचली. महाड, पोलादपूर, खेड, दापोली या पट्ट्यात लष्करातून निवृत्त झालेल्या महारांची घरे पुष्कळ होती. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली, पण त्याआधी सेवा केलेल्यांचे निवृत्तिवेतन चालू होते. पुढे पहिल्या महायुद्धात पुन्हा काही काळ भरती झाली. या भागातल्या चळवळीत 'सुभेदार' ही उपाधी वारंवार आढळते, त्याचे कारण हे आहे. सुभेदार सवादकर त्यांपैकीच एक.

त्यांच्याही आधी गोपाळबाबा वलंगकर होऊन गेले. ते महाडजवळच्या रावढूळचे, सैन्यातून १८८६ साली निवृत्त झाले आणि उरलेले आयुष्य त्यांनी अस्पृश्यांच्या हक्कांसाठी अर्ज, पत्रे आणि प्रचार यांत घालवले. १८९५ मध्ये सरकारने त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक केली, तेव्हा त्यांच्याशेजारी बसण्यास सवर्ण सभासदांनी विरोध केला होता. पगार नाही, संघटनेचा पैसा नाही. खर्चाला होते ते निवृत्तिवेतन.

माझे पणजोबा लष्करी पेन्शनर होते, त्यांचे गाव मी येथे सांगत नाही. आमच्या घरी त्यांची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात पेन्शनीची पुस्तिका कापडात गुंडाळून ठेवलेली असे, आणि आजी सांगे की गावात काही कटकट झाली की पणजोबा ती पुस्तिका काढून एकदा पाहत आणि परत गुंडाळून ठेवत. लहानपणी त्याचा अर्थ कळत नव्हता. आता कळतो. सरकारी खजिन्यातून दरमहा येणारी ती रक्कम गावच्या खोताला (गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदार जमीनदाराला) बंद करता येत नव्हती. बलुत्यावर जगणाऱ्या शेजाऱ्याला जे बोलता येत नव्हते, ते पेन्शनर बोलू शकत होता. त्याचे शौर्य मी कमी लेखत नाही, परंतु शौर्याला पाय रोवायला थोडी कोरडी जमीन लागते आणि ती त्याच्याकडे होती.

दूरदेशी

मी काही वर्षे अमेरिकेच्या दक्षिण भागात नोकरीनिमित्त राहते. वरील प्रतिसाद वाचून राहवले नाही, कारण मॉन्टगोमेरीच्या बस बहिष्कारात नेमका हाच धागा दिसतो.

बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशाला देण्यास नकार दिला म्हणून १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना अटक झाली. 'दमलेली शिवणकाम करणारी बाई' एवढीच त्यांची ओळख करून दिली जाते. वस्तुतः त्या १९४३ पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या आणि हे काम बिनपगारी होते. त्यांना जामिनावर सोडवायला धावले ते ई. डी. निक्सन. निक्सन हे रेल्वेच्या पुलमन, म्हणजे शयनयान डब्यांत पोर्टर (प्रवाशांच्या सेवेला असणारे कामगार) होते. मॉन्टगोमेरीतल्या कोणा गोऱ्या मालकाला त्यांची नोकरी घालवता येत नव्हती, कारण त्यांचा पगार बाहेरून येई आणि पाठीशी पोर्टरांची भक्कम युनियन होती. पेन्शनीची कापडात गुंडाळलेली पुस्तिका आणि पुलमन पोर्टरचा गणवेश यांचे काम एकच आहे, असे मला वाचताक्षणी वाटले.

जो अ‍ॅन रॉबिन्सन यांची गोष्ट याच्या उलट. त्या सरकारी महाविद्यालयात इंग्रजी शिकवत, म्हणजे त्यांची भाकरी ज्या सत्तेविरुद्ध लढायचे तिच्याच हाती होती. स्थानिक विमेन्स पोलिटिकल कौन्सिलच्या त्या अध्यक्षा होत्या, आणि बसबहिष्कार होऊ शकतो असा इशारा त्यांनी मे १९५४ मध्येच महापौरांना पत्राने दिला होता. अटकेच्या रात्री त्या महाविद्यालयात गेल्या, एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांच्या साहाय्याने रातभर सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रके काढली आणि दुसऱ्या दिवशी आपले तासही घेतले. नोकरी जाऊ नये म्हणून त्या बरेच दिवस पडद्याआड राहिल्या. सव्वीस वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग ५ डिसेंबरला बहिष्कार चालवणाऱ्या नव्या समितीचे अध्यक्ष निवडले गेले, तोवर बहिष्कार सुरूदेखील झाला होता.

परंतु मला सर्वांत जवळची वाटते ती जॉर्जिया गिलमोर. ती एका खाणावळीत स्वयंपाकीण होती. बहिष्कारात उघड भाग घेतल्याने तिची नोकरी गेली. किंग यांनी तिला घरीच खाणावळ चालवायला उत्तेजन दिले, भांड्याकुंड्यांसाठी मदत केली, आणि पुढे चळवळीचीच माणसे तिच्या टेबलावर जेवू लागली. तिने शेजारणींना जमवून कोंबडीचे जेवण, केक आणि 'पाय' (pie) नावाचा भाजलेला गोड पदार्थ विकून दर सभेला पैसे जमा केले. या बायका गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या. पैसे कोठून आले असे कोणी विचारले तर खोटे न बोलता 'कोठूनच नाही' असे सांगता यावे म्हणून त्यांनी आपल्या मंडळाचे नावच 'द क्लब फ्रॉम नोव्हेअर' ठेवले. जवळपास तीनशे मोटारी लोकांना कामावर पोहोचवत होत्या, त्यांच्या पेट्रोलचा काही भाग या केकच्या पैशांतून येत होता. हे ३८१ दिवस चालले.

निक्सन यांनी पुढे १९५७ मध्ये समितीच्या खजिनदारपदाचा राजीनामा दिला. आपल्याला नवख्यासारखे वागवले जाते ही त्यांची खंत होती. ज्यांनी किंग येण्याच्या कितीतरी आधी त्या शहरात संघटना बांधली, ज्यांच्या घरावर १९५६ च्या फेब्रुवारीत बॉम्ब पडला, त्या माणसाला असे वाटावे याचे मला आजही वाईट वाटते.

महाड आणि मॉन्टगोमेरी यांची मी ओढूनताणून सांगड घालत नाही. दोन्ही समाजांचे इतिहास वेगळे आहेत. तरी डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती, एवढी आठवण येथे अस्थानी ठरू नये.

जुनी_दप्तरे

गिलमोर यांची माहिती वाचून डिसेंबर १९२७ ची व्यवस्था आठवली. महाडच्या व्यापाऱ्यांनी परिषदेला धान्य विकण्यास नकार दिला होता. मंडपाला जागा देण्यास कोणी हिंदू तयार नव्हता. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. धान्य बाहेरून आणावे लागले, आणि हजारो माणसे जेवतील एवढी तरतूद करण्यासाठी अनंतराव चित्रे आधीपासून महाडला तळ ठोकून होते. बाबासाहेब २५ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तेथून मिरवणुकीने महाडला आले. तोवर मंडप, चुली, पाणी, पहारा ही सारी सोय लागलेली होती.

मनाईहुकूम मोडून तळ्यावर जाण्यासाठी ३,८८४ जणांनी नावे नोंदवली होती. त्यांना थांबायला सांगणे हे तितकेच अवघड काम होते. बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखून सत्याग्रह तहकूब करण्याची भूमिका मांडली, ती सभेने स्वीकारली, आणि मिरवणूक तळ्याला वळसा घालून शिस्तीत परतली. ज्या स्वयंसेवकांनी दोन महिने 'तयार राहा' म्हणून गावे उठवली होती, त्यांनीच आता 'परत फिरा' म्हणून रांगा वळवल्या.

तालुक्याचा_माणूस

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. एका तालुक्याच्या ठिकाणी आमचा आठ-नऊ जणांचा नागरी हक्क गट आहे, त्यात गेली चौदा वर्षे काम करतो. पोटासाठी मी वायरिंगची कामे घेतो. या धाग्यावर जे लिहिले गेले ते माझ्या रोजच्या अनुभवाशी इतके जुळते की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

अस्पृश्यता संविधानाच्या अनुच्छेद १७ ने नष्ट झाली. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण अधिनियम आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंध अधिनियम आहे. १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज राहिलेली नाही. अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६ या मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन करता येतो. हे सर्व आम्हाला तोंडपाठ आहे, कारण ठाण्याच्या बाकड्यावर बसून हेच पुनःपुन्हा सांगावे लागते.

एक प्रसंग सांगतो, गाव आणि माणसे ओळखू येणार नाहीत अशा बेताने. एका वाडीतल्या बाईंना सार्वजनिक नळावर घागर लावू दिली नाही आणि जातीवरून शिव्या दिल्या. त्यांना घेऊन मी एका पोलीस ठाण्यात सकाळी दहाला गेलो. साहेब बाहेर आहेत, मग जेवायला गेले आहेत, मग दुसऱ्या बंदोबस्तावर आहेत, असे होता होता संध्याकाळचे सात वाजले. बाईंनी दिवसभर ती घागर जवळ ठेवली होती, पुरावा म्हणून. रिकामी, कडेला पोचा आलेली स्टीलची घागर. मी त्यांना म्हणालो, ताई, घागर घरी ठेवली तरी चालेल. त्या म्हणाल्या, भाऊ, माझ्या सांगण्यावर विश्वास बसला नाही तर निदान ही तरी बघतील. रात्री साडेनवाला गुन्हा दाखल झाला. प्रत हातात पडली तेव्हा त्यांनी ती घडी करून घागरीत ठेवली आणि आम्ही शेवटच्या गाडीची वाट पाहत उभे राहिलो.

खरी कसोटी त्यानंतर लागली. त्यांचे यजमान ज्यांच्या शेतावर मजुरीला जात, त्यांनी आठवड्याभरात 'सध्या काम नाही' असे कळवले. किराण्याची उधारी बंद झाली. समझोता करा, असे सांगणारे सोयरेच घरी येऊ लागले. कायद्यात अर्थसाहाय्याची तरतूद आहे आणि ते टप्प्याटप्प्याने मिळतेही, परंतु पहिला टप्पा येईपर्यंत चूल कशी पेटवायची, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात नाही. आमच्या गटाने तेव्हापासून एक नियम केला. तक्रार देण्याच्या आधी आम्ही त्या घराचा दोन महिन्यांचा शिधा कोठून येईल हे ठरवतो. एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत डावीकडे प्रकरणाच्या तारखा आणि उजवीकडे तांदूळ, डाळ, तेल, कोणी दिले, किती दिले, असे लिहिलेले असते. नवीन मुले गटात येतात तेव्हा त्यांना डाव्या पानाचे आकर्षण असते. मी त्यांना उजवे पान सांभाळायला देतो.

आमचाही एक दोष प्रामाणिकपणे सांगतो. तीच चार माणसे वर्षानुवर्षे धावत राहतात, घरच्यांना गृहीत धरले जाते, आणि एखादा थकून बाजूला झाला तर त्याची विचारपूस करायला आम्ही कमी पडतो. निक्सन यांच्या राजीनाम्याविषयी वाचले तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला. उद्या त्याच्याकडे जाणार आहे.

पेन्शनरांचा_नातू

उजव्या पानाविषयी वाचून मी बराच वेळ स्तब्ध बसलो. ही वही शंभर वर्षे जपून ठेवा अशी हात जोडून विनंती. १९२७ च्या उजव्या पानांतले पाण्याचे चाळीस रुपये तेवढे आपल्यापर्यंत पोहोचले आहेत.

गांधारीकाठ (धागालेखक)

सर्वांचे प्रतिसाद सावकाश वाचले. त्यातून एक दुवा मला आता अधिक स्पष्ट दिसतो आणि तो नोंदवतो.

मार्च १९२७ च्या परिषदेतच बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढण्याचे व मृतमांस खाण्याचे सोडा, शेतीसाठी जमीन मिळवा, असे सांगितले होते. बरोबर एका वर्षाने, १९ मार्च १९२८ रोजी, त्यांनी महार वतनाच्या (गावकामाच्या बदल्यात वंशपरंपरेने मिळणाऱ्या जमीन-बलुत्याच्या) कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. पुढे १९३७ साली टिपणीस आणि चित्रे बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर निवडून आले, त्याच वर्षी सप्टेंबरात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले गेले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर गेला. रा. बा. मोरे तोवर कम्युनिस्ट पक्षात गेले होते. महाडच्या मंडपाची व्यवस्था पाहणारी माणसे दहा वर्षांत पाण्यावरून जमिनीवर आली, ती आपोआप आली असे मला वाटत नाही. मार खाऊन गावी परतलेल्या प्रतिनिधींचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. ज्याचे बलुते आणि ज्याची कुळवहिवाट दुसऱ्याच्या मर्जीवर, त्याला तळ्याचे पाणी मिळाले तरी ते टिकवता येणार नाही, हे मुंबईत बसून कळण्यापेक्षा दासगावच्या ओटीवर बसून अधिक कळते.

'जुनी_दप्तरे' यांनी सुचवलेले नावे शोधण्याचे काम मी हाती घेत आहे. दासगाव, लाडवली, रावढूळ आणि आसपासच्या वाड्यांत ऐंशीच्या पुढची जी माणसे आहेत त्यांच्याकडून, त्यांच्या घरच्यांच्या संमतीने, आजोबा-आजींच्या आठवणी लिहून घ्यायच्या असा विचार आहे. कोणी धान्य दिले, कोण निरोप घेऊन कोणत्या वाटेने गेले, मार्चनंतर घरावर काय गुदरले, एवढेच तीन प्रश्न. पावसाळ्याआधी सुरुवात व्हावी. सोबत कोणी येऊ शकत असेल तर येथे कळवावे.

तालुक्याचा_माणूस

मी दोन रविवार देऊ शकतो. मोटारसायकल आहे, मागे एक माणूस बसू शकेल.

दूरदेशी

मी मे महिन्यात पंधरा दिवस घरी येत आहे. मला वाड्यांवर हिंडता येईलच असे नाही, गुडघ्याचा त्रास आहे. पण ध्वनिमुद्रणे ऐकून उतरवून काढण्याचे काम माझ्याकडे द्यावे. बायकांच्या आठवणी आधी पाठवा. चुलींचा हिशेब त्यांनाच ठाऊक असणार.